‘येस’ पुसट झालंय, फक्त ‘नो’ दाबता येतं

नेरूळहून एका काकांनी विचारलंय. निवृत्त आहेत, सोसायटीचे खजिनदार आहेत, मेंटेनन्सची बिलं घरच्याच संगणकावर काढतात. दिवाळीत भाचा आला होता, त्याने ‘सेफ्टीसाठी’ काहीतरी बदलून ठेवलं. आता नवा प्रिंटर बसवायला गेलं की परवानगी मागणारी खिडकी येते, पण तिच्यातलं ‘येस’ पुसट असतं, दाबलंच जात नाही. जुन्या संगणकातली डिस्क या संगणकात लावून घेतली आहे, तिच्यातलं सोसायटीचं फोल्डर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणतं. मुलगा जर्मनीत. तो तिथून स्क्रीन बघून मदत करायला बसतो आणि नेमक्या वेळी त्याला काळं दिसतं. शेजाऱ्यांनी फॉरमॅट सुचवलंय. काकांचा शेवटचा प्रश्न जरा चिडून आहे: ‘पैसे मी भरले, बिल माझ्या नावावर, मग हा मलाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा कसं म्हणतो?’

काका, फॉरमॅट करू नका. निदान आज तरी नाही.

ठाण्यात नौपाड्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ‘परवानगी देत नाही’ म्हणून येणाऱ्या मशिनांपैकी फॉरमॅटची खरी गरज असणारी फार थोडी निघतात. उरलेल्यांत घोळ एवढाच असतो की कुलपं तीन आणि माणूस एकच किल्ली तिन्हींना लावून बघत बसलेला. पहिलं कुलूप लॉगिनचं: तुम्हाला आत घ्यायचं की नाही. दुसरं अधिकाराचं: आत आल्यावर काय काय बदलू द्यायचं. तिसरं मालकीचं: अमुक फाईल कोणाची. तुमचं लॉगिन व्यवस्थित आहे. बिघडलंय ते दुसरं आणि तिसरं, आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एकाच आठवड्यात दोन्ही समोर आले म्हणून एकच आजार वाटतोय.

तुमच्या रागाला उत्तर तुमच्याच वहीत आहे. सोसायटीचे पैसे सगळ्या सभासदांचे, पण चेकवर सही ज्यांची बँकेत नोंदवलेली त्यांचीच चालते. संगणकालाही बिल कोणाच्या नावावर ते कळत नाही, तो नोंदवलेली सही बघतो. भाच्याने तुमची सही काढली, आणि जी ठेवली त्या नावाचा माणूस सध्या बँकेत येऊ शकत नाही.

हे झालं कसं, तेही सांगतो, कारण दर सुट्टीनंतर अशी दोन-तीन मशिनं येतातच. विंडोजमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ याच नावाचं एक जन्मजात खातं असतं. व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, ते बंद ठेवलेलं असतं, लॉगिनच्या पडद्यावर दिसत नाही. मुलं व्हिडिओ बघून ते जागं करतात. मग ‘मामा रोजच्या वापरात अ‍ॅडमिन नको’ म्हणून तुमचं खातं ‘स्टँडर्ड’ करतात. तो विचार चुकीचा नाही बरं का, मी स्वतः घरी तसंच करतो. चूक पुढची. जाताना त्यांना आठवतं की ते लपलेलं खातं उघडं ठेवणं धोक्याचं, म्हणून तेही बंद करतात. आता घरात अ‍ॅडमिनच उरला नाही. एरवी विंडोज शेवटच्या अ‍ॅडमिनला हात लावू देत नाही, पण तुमचं खातं उतरवलं त्या क्षणी लपलेलं खातं चालू होतं, त्यामुळे त्याला वाटलं एक तरी आहे.

पुसट ‘येस’ हेच निदान आहे. अ‍ॅडमिन माणसाला ती खिडकी नुसतं ‘येस’ की ‘नो’ विचारते. स्टँडर्ड खात्याला ती एखाद्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते, तिथे नाव आणि रिकामा चौकोन दिसतो. आणि मशीनवर चालू असलेला एकही अ‍ॅडमिन नसेल तर ती पासवर्ड मागणार कोणाचा? म्हणून चौकोन नाही, ‘येस’ पुसट, आणि ‘नो’ तेवढं जिवंत.

तरी खात्री करून घ्या. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा. साधी, अ‍ॅडमिनवाली नव्हे. आज्ञा मी फोनवर सांगतो तशा लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या. पहिली: नेट, जागा, लोकलग्रुप, जागा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स. शेवटचा ‘एस’ विसरू नका. यादीत फक्त ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ एवढंच नाव आलं तर माझा अंदाज बरोबर. मग दुसरी: नेट, जागा, यूझर, जागा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. ‘अकाउंट अ‍ॅक्टिव्ह’च्या पुढे ‘नो’ दिसेल. यादीत मुलाचं नाव निघालं तर मात्र बातमी चांगली आहे, त्याच्याकडून पासवर्ड घ्या आणि खालची अर्धी कहाणी सोडून द्या.

काळी खिडकी उघडीच आहे तर नुसतं ‘नेट यूझर’ मारून तुमच्या खात्याचं आतलं नाव कागदावर लिहून ठेवा. पडद्यावर दिसणारं पूर्ण नाव वेगळं असू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या संगणकात बहुतेक वेळा ईमेलची पहिली पाच अक्षरं हेच आतलं नाव असतं, आणि लोक तिथे पूर्ण नाव टाकून ‘आज्ञा चालत नाही’ म्हणून फोन करतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन कामं. एक, स्वतःच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याला अ‍ॅडमिन लागत नाही. दोन, बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, किल्ली शोधा. हे दुसरं लोक वगळतात आणि मग रात्री अकराला फोन येतो. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपांवर होम आवृत्तीतसुद्धा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, कोणी विचारत नाही की सांगत नाही. रोज काही जाणवत नाही, पण दुरुस्तीच्या निळ्या पडद्यात शिरलात की 48 आकडे मागू शकते, सहा-सहाचे आठ गट. ही किल्ली ज्याने संगणक पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला त्याच्या खात्यात जमा असते. तुमच्या घरी तो बहुधा मुलगा. त्याने जाताना आपलं नाव इथून काढलं असलं तरी किल्ली त्याच्या खात्याच्या ‘डिव्हाइसेस’ भागात असणार. त्याच्याकडे एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसल्या तर तुमच्या पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्यायची. किल्ली हाताशी नसेल तर पुढचं काहीही करू नका.

आता खरा इलाज. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरा आणि धरलेल्याच अवस्थेत ‘रीस्टार्ट’ करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की 4 दाबा. हा सेफ मोड, यात विंडोज गरजेपुरतंच चालू होतं. मशीनवर दुसरा कोणी चालू अ‍ॅडमिन नसेल तर विंडोज सेफ मोडमध्ये त्या जन्मजात खात्याला, बंद असूनही, आत येऊ देतं. नेमकी हीच फजिती होईल हे धरून ती वाट ठेवलेली आहे. भाच्याने त्या खात्याला पासवर्ड लावला नसेल तर नुसतं एंटर. लावला असेल तर भाच्याला फोन. आत गेलात की काळी खिडकी उघडून: नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, जागा, तुमचं कागदावर लिहिलेलं आतलं नाव, जागा, स्लॅश, अ‍ॅड. नावात जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत. ‘कमांड कम्प्लीटेड सक्सेसफुली’ आलं की साधं रीस्टार्ट. तुमची सही पुन्हा नोंदली गेली.

एक अडचण येऊ शकते. सेफ मोडमध्ये तुमच्या स्वतःच्या खात्यात शिरायची वेळ आली तर रोजचा चार आकडी पिन तिथे अनेकदा चालत नाही, ‘पिन उपलब्ध नाही’ असं काहीसं म्हणतो. तिथे खरा पासवर्ड लागतो. पिन फक्त त्या एका मशिनापुरता असतो, पासवर्ड खात्याचा. वर्षानुवर्षं पिन टाकून लोक पासवर्ड साफ विसरलेले असतात. आजच आठवून बघा.

आणि सेफ मोडमध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ दिसलाच नाही तर? तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून, बाहेरून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, उघडून ते खातं जागं करता येतं. पण एक आकडा चुकला तर आहे ते लॉगिनही जाईल. ते टेबलावर मशीन समोर ठेवून करायचं काम, माझं लिहिलेलं वाचून करायचं नव्हे. जवळच्या ओळखीच्या माणसाकडे न्या आणि ‘फॉरमॅट न करता’ हे शब्द पावतीवर लिहून घ्या. फॉरमॅटला तासभर लागतो आणि डोकं लागत नाही, म्हणून आमच्या धंद्यात तो आधी सुचवला जातो. मी पण सुचवलाय, खोटं कशाला बोलू.

तुमचा अधिकार परत आला की एकच करा: आणखी एक अ‍ॅडमिन खातं बनवा, वेगळ्या पासवर्डचं, आणि तो पासवर्ड कागदावर लिहून एलआयसीच्या पॉलिसीच्या फाइलीत ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं सांगणारे लोक ऑफिसातले असतात. घरातल्या कपाटापर्यंत पोचलेल्या चोराला तुमच्या मेंटेनन्सच्या बिलांत रस नसतो. ते जन्मजात खातं मात्र कायम चालू ठेवू नका. त्याला ती ‘येस-नो’ची खिडकी येतच नाही, जे उघडाल ते थेट पूर्ण अधिकाराने चालतं. ऐन वेळी टाचणी लावणारी ती खिडकी गेली की उरतं काय?

मुलाला काळं दिसतं त्यात त्याची किंवा तुमच्या इंटरनेटची चूक नाही. परवानगीची खिडकी येते तेव्हा मागचा सगळा पडदा अंधारतो, बघा. त्या वेळी विंडोज एका वेगळ्या, बंदिस्त पडद्यावर जातं, जिथे दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला डोकावता येत नाही आणि तुमच्या वतीने ‘येस’ दाबता येत नाही. स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम हाही शेवटी प्रोग्रॅमच. ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे आणि मुलगा कदाचित सांगेल की ती पट्टी एक घर खाली सरकवा. सरकवू नका. त्याच्यासाठी पडदा उघडला की इतरांसाठीही उघडला. फोन कानाला लावून ‘येस’ तुम्ही दाबा, बाकी तो करेल. आणि ‘कंपनीतून बोलतोय, तुमच्या संगणकात अ‍ॅडमिन एरर आहे, हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आता डिस्क. इथे तिसरं कुलूप आहे. विंडोज फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, एक लांबलचक नंबर लिहितं, ‘एस-एक-पाच-एकवीस’ अशी सुरुवात असलेला. जुन्या संगणकावरचे तुम्ही आणि नव्यावरचे तुम्ही यांचे नंबर वेगळे. नाव तेच, चेहरा तोच, पण त्याच्या लेखी तुम्ही दोन माणसं. फोल्डरवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी बघितलंत तर तुमच्या नावाच्या जागी तो नुसता नंबरच दिसेल, ‘अननोन अकाउंट’ म्हणून. जुना माणूस इथे कोणाला माहीतच नाही.

अधिकार परत मिळाल्यावर हे सोपं आहे. फोल्डर उघडायला जा, ‘सध्या तुम्हाला परवानगी नाही, कंटिन्यू दाबा’ असं येईल, कंटिन्यू दाबा आणि चहा घेऊन या. आतल्या फाइली हजारांनी असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते, मध्येच बंद करू नका. त्याने भागलं नाही तर सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, वर ‘ओनर’समोर ‘चेंज’, तिथे तुमचं नाव, आणि खालच्या ‘सबकंटेनर्स’ च्या चौकोनात टिक. मग पुन्हा कंटिन्यू. हे फक्त त्या सोसायटीच्या फोल्डरवर करायचं. सी ड्राइव्हवर, तेही अख्ख्या, कधीच नाही. विंडोज सात नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाची कटकट मिटावी म्हणून मी अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी त्याच्या नावावर करून दिली होती. तिथल्या कितीतरी फाइलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ हे विंडोजचं स्वतःचं आतलं खातं असतं, ती अडचण वाटते पण ती सोय आहे. त्यानंतर अपडेट फसायला लागले, स्टार्ट मेनू अर्धवट उघडायचा, आणि शेवटी ते मशीन मीच फुकटात नवं करून दिलं.

फाइलीवर छोटं कुलपाचं चिन्ह असेल तर गोष्ट निराळी. ती फाईल जुन्या खात्याच्या किल्लीने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली आहे, मालकी बदलून काहीही होणार नाही. तो जुना संगणक चालू स्थितीत असेल तर तिथूनच उघडून घ्यावी लागेल. होम आवृत्तीत ही सोय नसते, त्यामुळे घरगुती डिस्कवर ते क्वचित दिसतं.

तुमचा प्रश्न इथे संपतो, पण पहिल्या कुलपाबद्दल थोडं लिहितो, कारण हेच वाचून कोणीतरी ‘माझं लॉगिनच होत नाही’ म्हणून फोन करणार.

पाचपाखाडीतल्या एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, कागदावर लिहिलेला, तरी घेत नव्हतं. मी म्हटलं टाका. त्यांनी टाकला. पासवर्डच्या चौकोनात उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरलं. ‘अ‍ॅट’च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह आलेलं. भाचीने कुठून तरी यूकेचा कीबोर्ड निवडून ठेवला होता. त्यात शिफ्ट आणि 2 दाबलं की ‘अ‍ॅट’ येत नाही, अवतरण येतं; ‘अ‍ॅट’ एंटरच्या शेजारच्या कळीवर गेलेलं असतं. बाई चार दिवस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत होत्या. मराठी टायपिंग बसवलेल्या संगणकात तर याहून गंमत होते. आधी मराठीत पत्र लिहिलं, पडदा लॉक झाला, परत आलात तर पासवर्डच्या चौकोनात देवनागरी काळे ठिपके. ठिपक्यांना लिपी नसते! खाली कोपऱ्यात ‘ईएनजी’ आहे की मराठी ते बघा, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून बदला. कॅप्सलॉक त्यानंतर.

अंदाज लावत मात्र बसू नका. नव्याने बसवलेल्या विंडोज अकरामध्ये दहा चुका झाल्या की खातं दहा मिनिटं बंद होतं, आणि घाबरलेला माणूस अकराव्या मिनिटाला पुन्हा दहा चुका करतो. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर मोबाइलवरून पासवर्ड बदला, फक्त तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला असेल तर तो बदलायला 30 दिवसांची वाट बघावी लागते. साधं, या संगणकापुरतं खातं असेल तर चुकल्यावर खाली ‘रीसेट पासवर्ड’ येतं आणि खातं बनवताना दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं मागतं. दुसऱ्या अ‍ॅडमिनकडून जबरदस्तीने बदलून घेणं हा शेवटचा उपाय ठेवा. त्याने आत जाल, पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बहुतेक जातील.

लॉगिन झालं पण डेस्कटॉप कोरा, फोटो-फाइली गायब, असं झालं तर ते तात्पुरतं प्रोफाइल आहे. तिथे एक अक्षरही सेव्ह करू नका, बाहेर पडताना ते सगळं पुसलं जातं. तुमच्या फाइली जागेवर असतात.

तारीख 2015 किंवा तत्सम दाखवत असेल तर परवानगीचा विषयच नाही, मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी संपली. तारीख चुकली की ऑनलाइन खातं ओळख पटवून घेत नाही. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. आणि तुम्ही अ‍ॅडमिन असूनही एकच प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू शकत नसेल तर विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ बघा. ते माणसाला अडवत नाही, प्रोग्रॅमला अडवतं. तिथे त्या प्रोग्रॅमचं नाव मान्य यादीत टाकायचं.

काका, हे शनिवारी दुपारी करायला घ्या, जर्मनीत तेव्हा सकाळ असते, किल्लीसाठी मुलगा फोनवर सापडेल. प्रिंटरची यूएसबी वायर सगळं होईपर्यंत काढून ठेवा. सेफ मोडवर अडलात तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि मशीन पिशवीत घालून ठाणे लोकलने या. मॉनिटर आणू नका, तो दुकानात आहे.